सी-डिफ पुन्हा उलटलाय आणि मल प्रत्यारोपण सुचवलंय? मग हा क्रम पाळा

मल प्रत्यारोपण म्हटलं की घरच्यांचे प्रश्न त्या एका दिवसाभोवतीच फिरतात. नळी कुठून घालणार, वास येईल का, विष्ठा कुणाची असेल. तो भाग खरं तर अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि त्यात रुग्णाच्या हातात फारसं काही नसतं. बिघडतं ते त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि नंतरच्या दोन महिन्यांत. निदान पक्कं नसताना घाई होते, अँटिबायोटिक थांबवायची वेळ चुकते, किंवा सगळं छान पार पडल्यावर महिन्याभरात दाढ दुखते म्हणून मेडिकलवाल्याकडून अमॉक्सिसिलिन आणून खाल्लं जातं. चुका याच, म्हणून लेखही त्यांच्यावरच.

आजार कोणता ते एकदा नीट सांगतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल हा जंतू, थोडक्यात सी-डिफ. दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने मोठ्या आतड्यातली नेहमीची वस्ती उठते आणि मोकळ्या जागेत हा फोफावतो. त्याच्या विषांनी आतड्याचं अस्तर सुजतं आणि दिवसाला दहा-पंधरा वेळाही पातळ शौचाला जावं लागतं. औषधाने जंतू मरतो, पण त्याचे बीजाणू (कडक कवचातलं झोपलेलं रूप) उरतात आणि जागा मोकळीच राहते. म्हणून पहिल्या आजारानंतर साधारण चार-पाच जणांतल्या एकाला तो परत गाठतो. एकदा उलटला की पुढच्या वेळची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात जाते. निरोगी माणसाच्या मळातले जंतू आत सोडून ती जागा भरायची, हा या उपचाराचा गाभा. जुलाब तात्पुरते थांबवायचं हे औषध नव्हे.

## टप्पा १: हा सी-डिफच आहे ना?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. ‘पुन्हा पुन्हा पोट बिघडतं’ म्हणजे सी-डिफ नव्हे. आपल्याकडे अमिबा, जिआर्डिया, आतड्याचा क्षयरोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस हे सगळे असेच वेष घेऊन येतात. शिवाय सी-डिफ बरा झाल्यावरही कित्येकांना काही महिने आयबीएससारखा त्रास राहतो: कधी पातळ, कधी घट्ट, जेवलं की पोटात कळ. त्यांना वाटतं आजार उलटला. जंतू मात्र गेलेला असतो.

तपासणीचे नियम असे:

- २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ शौचाला होत असेल तरच नमुना द्या. घट्ट मळाची सी-डिफ तपासणी करूच नये.
- आदल्या दोन दिवसांत पोट साफ करायचं औषध (रेचक) घेतलं असेल तर ते आधी सांगा.
- फक्त पीसीआर पॉझिटिव्ह आहे म्हणून थांबू नका. पीसीआर जंतूचा जनुक दाखवतो. जंतू नुसता वस्तीला आहे की विष सोडतोय, हे त्यातून कळत नाही. सोबत टॉक्सिनची, म्हणजे त्या विषाची, तपासणी झाली आहे का ते विचारा.
- बरं वाटल्यावर ‘गेला का बघू’ म्हणून तपासणी करू नका. उपचारानंतर काही आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि विनाकारण पुन्हा औषध सुरू होतं.

तपासून पहा: एका कागदावर प्रत्येक वेळच्या आजाराची ओळ लिहा. तारीख, कोणती तपासणी, निकाल, कोणतं औषध, किती दिवस, औषध संपल्यावर किती दिवसांनी त्रास परत आला. उलटणं म्हणजे आधीचा आजार निवल्यावर साधारण ८ आठवड्यांच्या आत परतणं. हा कागद भरताना जागा रिकाम्या राहिल्या, तर प्रत्यारोपणाची चर्चा अजून लवकर आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२२ साली प्रौढांसाठी हा उपचार मान्य केला, तोही आधी किमान दोन वेळा खात्रीने सी-डिफ झालेला असेल तर. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत आयबीएससाठी तो संशोधनाबाहेर करू नये, असंच सांगितलं आहे.

## टप्पा २: आधी आग विझवा

जुलाब जोरात सुरू असताना प्रत्यारोपण करत नाहीत. (रुग्णालयात दाखल असलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या गंभीर आजारात करतात. तो वेगळा मार्ग आहे आणि त्याचा निर्णय आयसीयूतली माणसं घेतात.) नेहमीच्या वाटेत आधी औषधाने आजार आटोक्यात आणायचा: तोंडाने व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून ४ वेळा, १० दिवस, किंवा फिडॅक्सोमायसिन २०० मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा, १० दिवस. वारंवार उलटणाऱ्या आजारात व्हॅन्कोमायसिन हळूहळू कमी करत काही आठवडेही देतात.

‘तोंडाने’ या शब्दाखाली रेघ मारा. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोहोचतच नाही, त्यामुळे सी-डिफसाठी त्याचा उपयोग नाही. कॅप्सूल न मिळाल्यास इंजेक्शनची बाटली विरघळवून प्यायला देतात. ते योग्यच आहे, चव मात्र कडू. सिस्टरांच्या हातात इंजेक्शनची बाटली दिसली की ती सलाईनमध्ये जाणार की पेल्यात, एवढं विचारायला लाजू नका.

याच दिवसांत औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा, अगदी सगळी:

- दुसऱ्या कारणासाठी चालू असलेली अँटिबायोटिक्स, उदाहरणार्थ लघवीच्या जंतुसंसर्गासाठी रोज रात्रीची गोळी. ती चालू राहणार असेल तर प्रत्यारोपण टिकण्याची आशा कमी.
- ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल जातीच्या गोळ्या. कुणीतरी कधीतरी सुरू केलेल्या आणि वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या. सी-डिफशी त्यांचा संबंध आढळलेला आहे. गरज नसेल तर बंद करता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.
- रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. कोलोनोस्कोपीच्या (गुदमार्गाने कॅमेऱ्याची नळी घालण्याच्या) दिवशी त्यांचं काय करायचं ते आत्ताच लिहून घ्या.
- स्टेरॉइड, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं. प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर हा उपचार टाळतात.

थांबा: जुलाब थांबवायला लोपरामाइड घेऊ नका. विष आत कोंडून राहतं. आणि एक फसवी खूण लक्षात ठेवा: रुग्णाला ताप आहे, पोट फुगलंय आणि जुलाब मात्र अचानक थांबले, तर ते बरं होणं नसतं. आतडं निपचित पडल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच तासाला रुग्णालय गाठा.

## टप्पा ३: घर आधी स्वच्छ, नंतर पोट

हा टप्पा बहुतेक सगळे विसरतात. सी-डिफचे बीजाणू कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्‌महिने टिकतात. नवी वस्ती बसवली आणि त्याच बाथरूमच्या मगातून जुने बीजाणू पुन्हा तोंडात गेले, असं नको.

सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. हात साबण आणि वाहत्या पाण्याने चोळून धुवायचे. बीजाणू मरत नसले तरी धुऊन जातात. फिनेल टाकून फरशी पुसली की घर दवाखान्यासारखं वास मारतं, पण बीजाणूंना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्यावर चालतं ते ब्लीच: साधं घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ९ भाग, त्याच दिवशी बनवलेलं. आधी साबणाने मळ काढा, मग हे द्रावण लावून १० मिनिटं ओलं राहू द्या. संडासाच्या भांड्यापेक्षा हात कुठे कुठे लागतो तिकडे लक्ष द्या: नळाची मूठ, जेटची नळी, मगाचा कान, बादलीची कडी, फ्लशचं बटण, कडी-कोयंडा, दिव्याचं बटण (हे मात्र ओल्या फडक्याने नव्हे, घट्ट पिळलेल्या फडक्याने).

थांबा: ब्लीच आणि संडास घासायचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठही ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

वेळ कोणती? व्हॅन्कोमायसिनचे शेवटचे दोन-तीन दिवस, जुलाब थांबल्यावर. जमल्यास रुग्णाला वेगळा संडास द्या. चादरी आणि टॉवेल गरम पाण्यात वेगळे धुवा.

## टप्पा ४: दाता कोण आणि माल कुठला

‘मुलगा धडधाकट आहे, त्याचंच घ्या.’ हे वाक्य दर वेळी येतं. नात्याने काही फायदा होत नाही. उलट तोटाच: दाता घरचा असला की त्याला नकार देणं आणि त्याच्याकडून खरी माहिती काढणं, दोन्ही अवघड होतं. प्रश्नावलीत लैंगिक संबंध, टॅटू, परदेश प्रवास, गेल्या तीन महिन्यांतली अँटिबायोटिक्स असं सगळं विचारतात. वडिलांसमोर कोण खरं सांगणार? मुलाखत एकट्याने घेतली जाते आहे, हे पहा.

त्यानंतर रक्त: एचआयव्ही, हिपॅटायटिस ए-बी-सी, सिफिलिस वगैरे. मग मळाची तपासणी: सी-डिफ, साल्मोनेला, शिगेला, विषारी ई-कोलाय, नोरोव्हायरस, परजीवी. आणि सगळ्यात महत्त्वाचे औषधांना न जुमानणारे जंतू. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या मळातून ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना निकामी करणारा, ई-कोलाय दोन रुग्णांच्या रक्तात गेला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती, त्यातला एक दगावला. त्या नमुन्यांची ही तपासणी झालेली नव्हती. भारतात हे जंतू ठणठणीत माणसांच्या आतड्यांतही मोठ्या प्रमाणात सापडतात. त्यामुळे इथे ही तपासणी न करता कुणी ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणत असेल, तर तिथून उठा.

म्हणूनच घरी मिक्सरमध्ये सलाईन घालून एनिमा करायचे व्हिडिओ पाहून हात घालू नका. तंत्र अवघड नाही, हे खरं. पण मिक्सरला ईएसबीएल दिसत नाही.

केंद्राला विचारायचे प्रश्न:

१. दात्याच्या तपासण्या कधी झाल्या? ताज्या नमुन्यासाठी त्या साधारण गेल्या महिन्याभरातल्या हव्यात. गोठवलेल्या नमुन्यासाठी दात्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत माल बाजूला ठेवला होता का?

२. ताजं की गोठवलेलं? उणे ८० अंशांवर नीट गोठवलेलं ताज्याइतकंच चालतं. मग तपासणीला वेळ मिळतो, म्हणून माझा कल गोठवलेल्याकडे.

३. वाट कोणती? कोलोनोस्कोपीने उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात सोडणं खात्रीचं. २०१७ मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासात कॅप्सूल आणि कोलोनोस्कोपी या दोन्ही गटांत ९६ टक्के रुग्णांचा आजार उलटला नाही. एनिमा सोपा, पण एकदा देऊन भागत नाही. नाकातून नळी घालायची असेल तर उलटी होऊन माल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना ही वाट नको.

४. फसलं तर त्याच दात्याचा दुसरा डोस मिळेल का?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी प्रश्न थोडा सोपा आहे. तिथे रेबायोटा हे गुदमार्गाने द्यायचं औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि वाउस्ट या कॅप्सूल एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाल्या, दोन्ही १८ वर्षांवरच्यांसाठी. आई-वडिलांसाठी ‘तिकडून पाठवून देऊ का’ असं विचारणाऱ्यांनी आधी इथल्या डॉक्टरांशी बोलावं. वेळापत्रक चुकलं तर कॅप्सूल खोक्यातच बऱ्या.

तपासून पहा: एखाद्या अन्नाची जीवघेणी ॲलर्जी असेल, शेंगदाणा वा मासळी, तर ती आत्ताच सांगा. दात्याने काय खाल्लं यावर इथे बरंच अवलंबून असतं आणि अशा रुग्णांना बरीच केंद्रं हा उपचार देतच नाहीत.

## टप्पा ५: शेवटची गोळी कधी?

सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचा.

व्हॅन्कोमायसिन आतड्यात असताना नवे जंतू सोडले तर ते नव्या पाहुण्यांनाही मारतं. फार आधी बंद केलं तर बीजाणू उगवायला लागतात. म्हणून मधली खिडकी लहान असते:

- कोलोनोस्कोपी किंवा एनिमा: शेवटच्या डोसनंतर किमान २४ तास, साधारण १ ते ३ दिवस.
- रेबायोटा: २४ ते ७२ तास.
- वाउस्ट: २ ते ४ दिवस.

उदाहरण घ्या. शुक्रवारी सकाळी कोलोनोस्कोपी आहे. व्हॅन्कोमायसिनचा शेवटचा डोस बुधवारी रात्री. गुरुवारी दिवसभर पातळ, गाळलेलं: भाताची पेज गाळून, डाळीचं वरचं पाणी, नारळपाणी, साखरेचा कोरा चहा. दूध नको. संध्याकाळी पोट साफ करायचं पेगचं द्रावण. शुक्रवारी सकाळी शौच पिवळसर आणि पारदर्शक, गाळ नसलेलं यायला हवं. आलं नाही तर केंद्रात पोहोचल्यावर सांगा. लपवून फायदा नाही.

पोट धुणं फक्त कॅमेऱ्याला स्वच्छ दिसावं म्हणून नसतं. उरलेलं औषध आणि बीजाणूही त्यात वाहून जातात. कॅप्सूल घ्यायच्या असल्या तरी वाउस्टच्या आदल्या दिवशी मॅग्नेशियम सायट्रेटने पोट साफ करायला सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम चालत नाही, पेग घ्यावं लागतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी औषध कोणतं, हे स्वतःहून विचारावं.

मला आठवणाऱ्या एका बाईंचं इथेच बिनसलं. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा अतिशय काळजी घेणारा. कोर्स अर्धवट राहायला नको म्हणून त्याने प्रत्यारोपणाच्या सकाळीही सहा वाजता आठवणीने व्हॅन्कोमायसिन पाजलं. सुदैवाने दारातच विचारलं गेलं, तारीख पुढे ढकलली. विचारलं नसतं तर एक चांगला नमुना आणि एक कोलोनोस्कोपी पाण्यात.

प्रोबायोटिकच्या पुड्या या काळात नकोत. ताक प्या हवं तर, पण त्याने प्रत्यारोपण ‘बसतं’ असा पुरावा नाही.

## टप्पा ६: त्या दिवशी

छोट्या केंद्रात ताजा नमुना आणायची जबाबदारी कधी कधी नातेवाइकांवर येते. तेव्हा एवढं पाळा: कोरडा, झाकणाचा, केंद्राने दिलेला डबा, लघवी, संडासातलं पाणी वा क्लीनर त्यात जाऊ देऊ नका, शौचाची वेळ डब्यावर लिहा, कारण ६ तासांच्या आत तो वापरला जायला हवा. दात्याला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब, ताप किंवा नवं औषध झालं असेल तर त्या दिवशी दान नाही. गोठवलेला नमुना वितळल्यावर ६ तासांत वापरतात, पुन्हा गोठवत नाहीत आणि घाई म्हणून गरम पाण्यातही ठेवत नाहीत.

रुग्णाने करायचं एवढंच: लघवी करून यावं, औषधांचा कागद हातात ठेवावा आणि आत सोडलेलं शक्य तितका वेळ धरून ठेवावं. एनिमानंतर निदान अर्धा तास पडून राहा. काही ठिकाणी या वेळी लोपरामाइडची गोळी देतात. वर ज्याला नको म्हटलं तेच औषध, म्हणून गोंधळू नका. तेव्हा विष कोंडायची भीती होती, आता नवे जंतू आत थांबवायचे आहेत.

नळी वरून घातली असेल तर नंतर आडवं पडू नका, डोकं उंच ठेवून बसा. वाउस्ट घेणाऱ्यांनी पहिल्या डोसआधी किमान ८ तास पाण्याशिवाय काही घेऊ नये. मग रोज सकाळी रिकाम्या पोटी ४ कॅप्सूल, सलग ३ दिवस. बारा एकदम नाहीत.

थांबा: त्या दिवशी कुणी ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून’ अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊ लागलं, तर प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस

पोटात गुरगुर, गॅस, मुरडा, एक-दोन पातळ शौच, अंग किंचित गरम: चालतं, बहुतेकांचं दोन दिवसांत निवळतं. काहींना उलट बद्धकोष्ठ होतो. मऊ भात, मुगाचं वरण, केळं यापासून सुरुवात करा आणि आठवड्याभरात नेहमीच्या जेवणावर या. पथ्याचं फार अवडंबर नको.

लगेच फोन करायचा: ३८.५ अंश सेल्सिअसच्या (१०१.३ फॅरनहाइट) वर ताप, शौचातून रक्त, पोट दगडासारखं, सतत उलट्या, दम लागणं.

## टप्पा ८: आठ आठवडे

नव्या वस्तीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नवं अँटिबायोटिक. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मला वारंवार सी-डिफ झाला होता. अमुक तारखेला मल प्रत्यारोपण झालं. अँटिबायोटिक देण्याआधी या नंबरवर फोन करा.’ दाताचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, डोळ्याच्या ऑपरेशनवाले, सगळ्यांना दाखवा. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाहीच. न्यूमोनियासारखं खरंच गरजेचं असेल तर मात्र घाबरून टाळू नका. कोणतं, किती दिवस, हे तपासणारे आणि प्रत्यारोपण करणारे अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

रोजची नोंद कॅलेंडरवर एका आकड्यात: आज किती वेळा पातळ. सलग दोन दिवस ३ किंवा जास्त आकडा आला की तपासणी. त्याआधी नाही.

## टप्पा ९: तरीही उलटला तर

एक डोस फसणं म्हणजे उपचार फसणं नव्हे. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या अभ्यासात १६ पैकी १३ जण पहिल्या डोसने बरे झाले आणि दुसरा डोस दिल्यावर आणखी दोघे. पण दुसऱ्याची तारीख घेण्याआधी टप्पा १ वर परत जा. टॉक्सिनची तपासणी पुन्हा करा, मधल्या काळात कुठली गोळी पोटात गेली ते आठवा, घरातल्या दुसऱ्या कुणाला जुलाब आहेत का पहा. टॉक्सिन निगेटिव्ह असेल तर जुलाबांचं कारण दुसरीकडे शोधायचं, कदाचित कोलोनोस्कोपीत तुकडा घेऊन. पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा व्हॅन्कोमायसिन, पुन्हा ब्लीच, पुन्हा बुधवार रात्रीचा हिशोब, आणि या वेळी पहिल्या खेपेचा तो कागद सोबत घेऊन जा.